विजेची मोटार आणि थांब्याचा हिशेब

१८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात बेर्टा बेंझ नावाची बाई नवऱ्याला न सांगता त्याने बनविलेली मोटार घेऊन, दोन मुलांसह, जर्मनीतील मानहाइमहून फोर्टसहाइमला माहेरी निघाली. तेलाचे पंप तेव्हा कोठेच नव्हते. वाटेत विसलोख गावी तेल सरत आले, तेव्हा तिने औषधविक्याच्या दुकानातून लिग्रोइन नावाचे द्रव्य विकत घेतले आणि गाडी पुढे हाकली. त्या औषधविक्याला आपण जगातला पहिला पेट्रोलपंप चालवीत आहोत याची कल्पनाही नसावी.

आज विजेची मोटार घेऊन लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाची स्थिती मोठ्या रस्त्यांवर त्या बाईपेक्षा पुष्कळ बरी आहे. पण मोठा रस्ता सोडून तो आडवाटेला, घाटाखाली किंवा किनाऱ्याला वळला, की पुन्हा विसलोखच्या दुकानदारासमोर उभा राहतो. विजेचा धंदा ज्याचा नाही अशा माणसाकडे त्याला वीज मागावी लागते. ती मिळतेही, पण सावकाश. हा सावकाशपणा कोठून येतो आणि तो कोणाच्या डोक्यावर बसतो, हे आम्हांस आज सांगावयाचे आहे.

आपल्या घरी गीझरसाठी जो मोठा, पंधरा अँपिअरचा प्लग असतो त्यातून २३० व्होल्ट दाबाने अधिकात अधिक ३,४५० वॅट मिळतात. म्हणजे तासाला साडेतीन युनिटेसुद्धा नाहीत. मध्यम मोटारीची बॅटरी ४० युनिटांची धरली, तर ती रिकामीची पूर्ण भरण्यास बारा-तेरा तास हवेत. भिंतीवर बसवायची सात किलोवॅटची पेटी असेल तर निम्मा वेळ. आणि ज्याला जलद चार्जर म्हणतात तो ५० किलोवॅट किंवा त्याहून अधिक देतो. तेथे तासाच्या आत काम भागते.

एवढा फरक का? बॅटरीला दिष्ट प्रवाह लागतो आणि आपल्या तारांतून येतो तो प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे घेणारा. कोठेतरी एकाचे दुसरे करावेच लागते. साध्या प्लगाला लावलेल्या गाडीत हे काम गाडीच्याच पोटातले लहान यंत्र करते. ते मोठे केले तर गाडीचे वजन वाढेल आणि किंमतही. जलद चार्जरच्या ठिकाणी तेच यंत्र कपाटाएवढे होऊन रस्त्याकडेला उभे असते व थेट बॅटरीत प्रवाह सोडते. पण त्या कपाटाला तीन फेजची भारी जोडणी लागते, पुष्कळदा स्वतंत्र ट्रान्स्फॉर्मर लागतो. दिवसाला दोन गाड्या येणाऱ्या गावात हा खर्च कोण करील? आणि चार्जर नाही म्हणून तिसरी गाडी येत नाही. केंद्र सरकारने २०२२ सालच्या सूचनांत महामार्गांवर दर २५ किलोमीटरला दोन्ही बाजूंस चार्जर असावा असे म्हटले होते. कागदावरचे किलोमीटर फार लवकर तुटतात!

जलद चार्जरसुद्धा शेवटपर्यंत जलद नसतो. जत्रेला निघालेली एस.टी. डोळ्यांसमोर आणा. रिकाम्या गाडीत पहिली तीस माणसे झटकन बसतात. शेवटच्या दहांना इकडेतिकडे सरकवून जागा करावी लागते. बॅटरीचे तसेच आहे. ऐंशी टक्क्यांच्या पुढे प्रवाह कमी करीत न्यावा लागतो, नाहीतर तिची हानी होते. म्हणून जेथे चार्जर जवळजवळ आहेत तेथे शहाणा चालक ऐंशीवर उठतो. जेथे पुढचा चार्जर चालू असेल की नाही याची खात्री नाही, तेथे मात्र तो बिचारा शेवटची माणसेही कोंबीत बसतो.

आता घाटाचा हिशेब. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आणि सावंतवाडी शंभरच्या थोडी वर. म्हणजे सावंतवाडीहून परतताना गाडी जवळजवळ पावणेसहाशे मीटर उचलावी लागते. पाच माणसांसह गाडीचे वजन १,७५० किलो धरले, तर नुसत्या उचलण्यालाच सुमारे पावणेतीन युनिटे जातात. सपाटीवर तेवढ्यात अठरा-वीस किलोमीटर झाले असते. उतरताना मात्र मोटरच जनित्र बनते आणि यातला बराचसा भाग बॅटरीत परत येतो. पेट्रोलच्या गाडीला हे पुण्य नाही. ती उतारावर फक्त ब्रेक तापविते. तरी एक सावधगिरी हवी: घाटमाथ्यावर बॅटरी काठोकाठ भरून खाली निघालात, तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते आणि सारा भार साध्या ब्रेकवर येतो.

आमच्या संघटनेतील एका चालकाची हकीकत येथे सांगतो. एका मालकाची ४० युनिटांची पर्यटक गाडी घेऊन तो कोल्हापूरहून आंबोली, सावंतवाडी, वेंगुर्ल्यावरून मालवणला गेला. सुमारे दोनशे किलोमीटर झाले, गाडीत पाच माणसे, वातानुकूलन चालू; बॅटरीत चौथाई उरली. वाटेतला ज्यावर भरवसा ठेवला होता तो चार्जर बंद निघाला. लॉजवाला भला माणूस. त्याने मागच्या व्हरांड्यातला प्लग दिला. भुई-तार नीट नव्हती, म्हणून गाडीच्या यंत्राने प्रथम वीज घेण्यासच नकार दिला. गावातला वायरमन आला, त्याने जोडणी सुधारली. साडेआठला बॅटरी भरू लागली. तीस युनिटे बॅटरीत जायला भिंतीतून तेहेतीस-चौतीस घ्यावी लागतात, कारण काही वाटेत उष्णतेत जातात. त्यात संध्याकाळी दाब १९० व्होल्टवर आलेला, म्हणजे तासाला पावणेतीन युनिटेच. हिशेब बारा तासांचा झाला आणि माणसांना सकाळी सातला निघावयाचे होते.

रात्री एकला त्याने उठून प्लगाला हात लावला तर चटका बसला. ही कल्पित भीती नव्हे. गीझर अर्धा तास चालतो, म्हणून जुना प्लग टिकतो. तोच पूर्ण भार बारा तास सोसताना सैल जोड तापतो, वितळतो आणि कधी पेटतोही. त्याने बटण बंद केले, लॉजच्या पोराला उठविले, पंपाच्या खोलीतला जाड तारेचा प्लग मिळविला, आणि तो तापत नाही याची खात्री होईपर्यंत शेजारी बसून राहिला. पहाटे तीनला गाडीतच आडवा झाला. सकाळी त्याच गाडीने त्याला घाट चढावयाचा होता. मालकाच्या चिठ्ठीवर त्या रात्रीची नोंद एका शब्दाची: हॉल्ट. हॉल्टचा भत्ता त्याला मिळाला. हॉल्ट मात्र मिळाला नाही.

वीबे वाकर या डच तरुणाने २०१६ ते २०१९ या काळात एका विजेच्या गाडीने हॉलंडहून सिडनीपर्यंत प्रवास केला. ३३ देश, सुमारे ९५,००० किलोमीटर, १,११९ दिवस. गाडी एका भरण्यात दोनशे किलोमीटरच्या आसपास जाई. आपल्या देशातूनही तो गेला. लोकांनी त्याला जेवण दिले, अंथरूण दिले आणि प्लग दिला. आम्हांस या साहसाचे कौतुकच आहे. पण त्याचा थांबलेला वेळ त्याचा स्वतःचा होता. हौसेच्या प्रवाशाला प्लगापाशी काढलेले दहा तास म्हणजे नवे गाव पाहण्याची संधी. भाड्याच्या गाडीच्या चालकाचे दहा तास कोणाचे?

१९६१ सालच्या मोटार परिवहन कामगार कायद्याने कामाच्या तासांची व्याख्या केली होती: कामगार मालकाच्या दिमतीला असतो तो वेळ. त्यात गाडी धावण्याचा वेळ आला, गाडीसंबंधीच्या पूरक कामाचा वेळ आला, आणि टर्मिनसवर नुसती हजेरी देण्याचा वेळ आला; मात्र ही हजेरी पंधरा मिनिटांहून कमी असेल तरच. तो कायदा आता २०२० च्या व्यवसाय सुरक्षा संहितेत गेला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. पंधरा मिनिटांची भाषा तिच्यातही आहे. मालक म्हणणार, बॅटरी भरताना चालक नुसता हजर असतो. आम्ही म्हणतो, गाडीची निगा व दुरुस्ती हे पूरक काम असेल, तर प्लग शोधणे, भुई-तार पाहणे, रात्री एकला तापलेला जोड बदलणे हेही पूरक कामच आहे. तेलाच्या पंपावर हा वाद पाच मिनिटांचा होता, म्हणून कोणी काढला नाही.

लॉजवाल्याचीही बाजू आहे. त्याने चौतीस युनिटे दिली आणि संकोचाने पैसे मागितले नाहीत, कारण वीज विकणे हा गुन्हा ठरेल अशी त्याची समजूत. २०१८ साली केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला आहे की गाडीची बॅटरी भरून देणे ही सेवा आहे, त्यासाठी वीजविक्रीचा परवाना लागत नाही. तेव्हा अशा लॉजवाल्याने व ढाबेवाल्याने वायरमन बोलावून मीटरपासून वेगळी जाड तार, चांगली भुई-तार आणि गळती होताच वीज तोडणारे बटण बसवावे, मंजूर भार वाढवून घ्यावा, आणि उघड दर लावावा. जलद चार्जरच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे, आणि सात किलोवॅटची एक पेटी रात्रीत गाडी भरून देते.

आमच्या चालकांनी या हंगामापासून चिठ्ठीवर पेनाने एक रकाना आखला आहे: ‘विजेसाठी थांबा, केव्हापासून केव्हापर्यंत, प्लग कोठला’. दोन मालकांनी त्या रकान्यातले तास धरून पैसे दिले. तिसऱ्याने रकाना खोडला. पण प्लग कोठला होता, ते त्याने दुसऱ्या चालकाला सांगण्यासाठी उतरवून घेतले.