मतदारयादीतील नाव आणि गावाचा कारभार

महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या आणि वसंतराव नाईक समितीने सुचविलेल्या लोकशाही विकेंद्रीकरणास मूर्त रूप प्राप्त झाले. ग्रामपंचायतींना १९५८ च्या अधिनियमाचे अधिष्ठान त्यापूर्वीच लाभले होते. पुढे २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक स्थान दिले आणि त्यांच्या निवडणुकांसाठी १९९४ साली राज्य निवडणूक आयोगाची स्थापना झाली. इमारत अशी भक्कम उभी राहिली असली, तरी तिचा पाया मतदार हाच आहे. कायद्याच्या दृष्टीने मतदार म्हणजे केवळ गावात राहणारा प्रौढ नव्हे, तर ज्याचे नाव मतदारयादीत आहे तो नागरिक होय.

यादी कशी तयार होते?

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसाठी स्वतंत्र नावनोंदणी होते, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. आयोगाने निश्चित केलेल्या दिनांकास अस्तित्वात असलेली विधानसभा मतदारसंघाची यादीच घेऊन तिची प्रभागवार विभागणी केली जाते. त्यानंतर प्रारूप यादी प्रसिद्ध होऊन हरकती मागविण्यात येतात. नाव चुकीच्या प्रभागात गेले असेल, विधानसभेच्या यादीत असूनही विभागणीत गळले असेल किंवा लेखनिकाची चूक झाली असेल, तर ती या वेळी दुरुस्त होते. मूळ यादीतच नसलेले नाव मात्र या टप्प्यावर समाविष्ट करता येत नाही. निवडणुकीची दवंडी ऐकून जागा होणारा मतदार अनेकदा हक्काला मुकतो, त्याचे कारण हेच.

म्हणून नोंदणीचे काम निवडणुकीच्या पुष्कळ आधी उरकलेले बरे. मतदानाचे वय १९८९ साली २१ वरून १८ वर आले. पूर्वी १ जानेवारी हा एकच अर्हता दिनांक होता. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर असे चार दिनांक झाले आहेत. नवीन नावासाठी नमुना ६, नाव वगळण्यासाठी किंवा नावास हरकत घेण्यासाठी नमुना ७ आणि स्थलांतर वा दुरुस्तीसाठी नमुना ८ भरावा लागतो. एका व्यक्तीचे नाव दोन ठिकाणी असू शकत नाही. जाणूनबुजून खोटे निवेदन करणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे.

दोन उदाहरणे

विवाहानंतर सासरी आलेल्या स्त्रीचे नाव पुष्कळदा माहेरच्याच यादीत राहून जाते. सासरचे पाणी ती भरते, तिची मुले तेथील अंगणवाडीत जातात. परंतु त्या गावचा सरपंच निवडताना तिला मत नसते. स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा निर्णय राज्याने २०११ साली घेतला. ज्या स्त्रीचे नावच यादीत नाही, तिला त्याचा लाभ कसा मिळणार?

दुसरे उदाहरण ऊसतोड कामगारांचे. हंगामात कुटुंबेच्या कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात जातात. तात्पुरत्या गैरहजेरीमुळे एखाद्याचे गावातील सर्वसाधारण वास्तव्य संपत नाही, असे कायदा स्पष्टपणे सांगतो. बाहेर गेलेला मनुष्य गावचा राहिला नाही, या कारणाने नाव वगळावयाचे झाल्यास संबंधितास म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावीच लागते.

मतदानापलीकडचा अधिकार

राज्यघटनेच्या व्याख्येनुसार ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदारयादीत नोंदलेल्या व्यक्तींचा समूह. यादीत नाव नसणे म्हणजे केवळ पाच वर्षांतून एकदा येणारे मत गमावणे नव्हे, तर ग्रामसभेचे सदस्यत्वही गमावणे होय. गावाच्या विकास आराखड्यावर आणि योजनांच्या लाभार्थींच्या निवडीवर जेथे विचार होतो, त्याच सभेत त्याला हात वर करता येत नाही. १४ व्या वित्त आयोगाच्या शिफारशींनुसार २०१५ पासून केंद्राचा निधी ग्रामपंचायतींकडे मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला. त्यामुळे या अधिकाराचे मोल अधिकच वाढले.

एका मताने काय होणार, हा प्रश्न गावपातळीवर तर मुळीच टिकत नाही. येथे प्रभागातील मतदार शेकड्यांत मोजावे लागतात आणि निकाल कधी कधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी लागतो. मते समसमान पडल्यास चिठ्ठी टाकून निर्णय करावा लागतो. घरी बसलेला एक मतदार आला असता, तर जो निर्णय माणसांनी केला असता, तो दैवावर सोपविला जातो.

मतदाराला डावलण्याचे प्रकारही घडतात. सरपंच व सदस्यपदांचा लिलाव झाल्याचे निदर्शनास आल्याने जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील निवडणूक प्रक्रिया रद्द केली. एकमताने बिनविरोध निवड होणे वेगळे आणि बोली लावून पद घेणे वेगळे, हा विवेक त्या निर्णयामागे आहे. लिलावाची रक्कम मंदिराला वा अन्य गावकामाला दिली, तरी विकले जाते ते मतदाराचे मतच.

गावाने करावयाचे काम

हे काम एकट्या तहसील कार्यालयाचे नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून अनेक ठिकाणी शिक्षकच काम पाहतात. गावातील प्रत्येक घर त्यांच्या परिचयाचे असते. ग्रामपंचायत सदस्यांनी वर्षातून एकदा तरी ग्रामसभेत यादीचे जाहीर वाचन घडवून आणावे. नव्याने अठरा वर्षांची झालेली मुलेमुली, सासरी आलेल्या सुना, परगावी स्थायिक झालेले आणि मृत व्यक्ती यांची नोंद त्याच बैठकीत पडताळून संबंधितांकडून योग्य ते नमुने भरून घ्यावेत. अचूक यादी ही गावाच्या स्वराज्याची पहिली नोंदवही आहे. ती कोरी राहिली, तर पुढचे सर्व हिशेब इतरांच्या हातचे ठरतात.