पाकिटावरचा काळा अष्टकोन

मुलांचा लठ्ठपणा हा श्रीमंतांच्या घरचा प्रश्न, अशी आपली समजूत असते. परंतु पाच रुपयांची चिप्सची पाकिटे आता खेड्यातल्या दुकानातही माळेसारखी टांगलेली दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात पाच वर्षांखालील जादा वजनाची बालके २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होती. २०१९-२१ मध्ये ती ३.४ टक्के झाली. आकडा लहान आहे, पण तो वाढता आहे.

मुलांना उपदेश करणे सोपे. सरकारने काय करावे? दक्षिण अमेरिकेतील चिली या देशाने याचे एक उत्तर दिले. तेथे २०१२ साली कायदा झाला व जून २०१६ पासून तो अमलात आला. ज्या तयार पदार्थात वरून घातलेली साखर, मीठ किंवा चरबी असेल आणि साखर, सोडियम, संपृक्त चरबी वा उष्मांक ठरलेल्या मर्यादेबाहेर जातील, त्याच्या दर्शनी भागावर प्रत्येक दोषाकरिता एक काळा अष्टकोन छापणे सक्तीचे झाले. असा पदार्थ शाळेत विकता येत नाही, चौदा वर्षांखालील मुलांना उद्देशून त्याची जाहिरात करता येत नाही, की सोबत खेळण्याचे आमिषही दाखविता येत नाही. कायद्यानंतरच्या पहिल्या दीड वर्षात अष्टकोनास पात्र पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे संशोधकांना आढळले. लठ्ठपणा हटविणे हे याहून लांबचे काम आहे. तथापि सुरुवात झाली.

आपल्याकडे २०२० च्या नियमांनी शाळेत व तिच्या प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत असे पदार्थ विकण्यास मनाई केली. नियम चांगलाच आहे. पण एक्कावन्नाव्या मीटरवर आईला सावध कोण करणार? पाकिटामागची बारीक अक्षरे?

माझ्या आईला अक्षरओळख नाही. तरीही शाकाहारी पदार्थावरचा हिरवा ठिपका ती अचूक ओळखते. २०२२ साली आपल्याकडे पाकिटांवर तारे छापण्याचा मसुदा निघाला होता. परंतु तारा ही तर शाबासकीची खूण! एक तारा मिळालेला पदार्थही आईला चांगलाच वाटेल. काळे शिक्के मात्र ती मोजू शकेल. कायदा वाचता न येणाऱ्यापर्यंतही जो पोहोचतो, तोच खरा कायदा, असे मला वाटते.