गळ्याच्या हाडाला आधार कोणता?

कासारवाडीचा नाशिक फाटा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वेगळे वर्णन करून सांगायला नको. पुणे-मुंबई रस्ता आणि नाशिककडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. एका अंगाला भोसरीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला पिंपरीचे. पाळी सुटली की दुचाक्यांची रीघ लागते, आणि पावसाच्या पहिल्या सरीने रस्ता निसरडा झाला की तीत कोणाची तरी गाडी घसरते. घसरलेला माणूस पुष्कळदा खांद्यावर आदळतो. डोके हेल्मेटने वाचते, हातपाय खरचटण्यावर निभावते आणि मोडते ते गळ्याचे हाड. चाकणकडे बैलगाडीवरून पडलेला गडी, तालमीत खांद्यावर आपटलेला पोरगा, शाळेच्या झोपाळ्यावरून पडलेली मुलगी, यांचेही पुष्कळदा तेच होते.

मग घरात पहिला प्रश्न निघतो, “औषधाच्या दुकानातून पट्टा कोणता आणू?” प्रश्न साधा दिसतो. पण चुकीच्या रीतीने बांधलेला पट्टा चांगल्या हाताला बधिर करू शकतो, आणि पट्ट्यावर नको इतका भरवसा ठेवला तर खरी दुखापत तपासायची राहून जाते. म्हणून, श्रोतेहो, आज या पट्ट्याविषयीच थोडे सविस्तर बोलू.

आधी हे हाड करते काय ते पाहू. गळ्याच्या खाली दोन्ही बाजूंना बोटांना लागणारे हे आडवे हाड. जुनी माणसे त्याला हासळी म्हणतात, आयुर्वेदात ते अक्षक. आपला अख्खा हात धडाला हाडाने जोडलेला आहे तो एवढ्या एकाच ठिकाणी; बाकी सारा कारभार स्नायूंचा. छपराला टेकू द्यावा तसे हे हाड खांद्याला छातीपासून दूर धरून ठेवते. टेकू मोडला की छप्पर बसते. तसाच इथे खांदा खाली, पुढे आणि आत झुकतो. मोड बहुतेक वेळा हाडाच्या मधल्या भागात असते. मानेचा स्नायू आतला तुकडा वर ओढतो आणि हाताचे वजन बाहेरचा तुकडा खाली ओढते. म्हणून असा माणूस चांगल्या हाताने दुखरा हात उचलून धरतो आणि मान दुखऱ्या बाजूला कलती ठेवतो. शिक्षकांनी ही खूण लक्षात ठेवावी. मैदानावर मूल असे बसलेले दिसले तर हात ओढून पाहू नये, चोळू तर मुळीच नये.

खांद्याची प्रत्येक दुखापत या हाडाची नसते, हेही ध्यानात घ्या. २३ मार्च २०२१ रोजी गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना श्रेयस अय्यर पडला, तेव्हा त्याचा डावा खांदा सांध्यातून सरकला होता. ती दुखापत वेगळी, तिचा उपाय वेगळा. बाहेरून दोन्हींत खांदाच दुखतो. म्हणून क्ष-किरणाचे चित्र काढल्याशिवाय पट्टा विकत घेऊ नये.

दुकानात सामान्यतः तीन वस्तू दाखवतात. पहिली म्हणजे झोळी, जिला दुकानदार स्लिंग किंवा पाऊच म्हणतो. दुसरा तो इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पट्टा. तो दोन्ही खांद्यांच्या पुढून काखेतून मागे जातो, पाठीवर एकमेकांना ओलांडतो आणि खांदे मागे ओढतो. तिसरी वस्तू झोळीच, पण तिला कमरेभोवती आणखी एक पट्टा असतो, म्हणजे हात पोटाशी बांधलेला राहतो. याशिवाय पोक काढण्याचा म्हणून एक पट्टा मिळतो. तो दिसायला दुसऱ्यासारखाच असतो, पण मोडलेल्या हाडासाठी केलेला नसतो. गिऱ्हाइकाने नीट विचारले नाही तर तोही गळ्यात पडतो, अगदी शब्दशः!

पूर्वी डॉक्टरांचा ओढा दुसऱ्या पट्ट्याकडे असे. खांदे मागे ओढले की तुकडे जागेवर येतील, हा विचार मनाला पटण्यासारखाच आहे. पण १९८७ साली डेन्मार्कमधील डॉक्टरांनी काही रोग्यांना साधी झोळी आणि काहींना आठचा पट्टा देऊन दोहोंची तुलना केली. हाड जुळण्यात, खांदा चालण्यात, दिसण्यातही फरक आढळला नाही; झोळीवाल्यांना त्रास मात्र कमी झाला. पुढे तुर्कस्तानातही अशीच तुलना झाली. तीत पहिल्या दिवसांत पट्टेवाल्यांना वेदना अधिक होत्या, आणि हाडाचे आखडणे दोघांत सारखेच होते. कारण उघड आहे. कातडीवरून ओढलेला पट्टा आतल्या तुकड्यांना धरून ठेवू शकत नाही. माणूस झोपला, उठला, खोकला की ते हलतातच. हाड जुळते ते शरीराच्या आपल्या कामाने. आधाराचे काम एवढेच, की हाताचे वजन उचलावे आणि वेदना कमी करावी. म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम दुसरे काही सांगितले नसेल, तर प्रौढाला आणि मुलालाही साधी झोळी पुरते, असे माझे मत बनले आहे. मी डॉक्टर नव्हे, पण महाग वस्तू म्हणजे चांगला उपचार, हा समज मात्र मी रोज पाहतो.

डॉक्टरांनी आठचा पट्टाच दिला असेल तर तो छातीचे माप घेऊन आणावा. काखेत कापसाची किंवा मऊ कापडाची घडी ठेवावी. पट्टा मोडलेल्या जागेवरून जाऊ देऊ नये. एका दिवसात तो सैल पडतो, म्हणून रोज पाहावा लागतो. पण आवळताना हाताकडे लक्ष असू द्या. काखेतूनच हाताची मोठी रक्तवाहिनी आणि मज्जातंतू जातात. बोटांना मुंग्या आल्या, ती गार किंवा निळसर पडली, हात सुजला, तर पट्टा तत्काळ सैल करावा. तरीही फरक पडला नाही तर दवाखाना गाठावा, सकाळची वाट पाहू नये.

हा ताळमेळ आपल्याकडे फार पूर्वी कळलेला होता. सुश्रुतसंहितेत अक्षक खाली दबले असेल तर शेकून मुसळाच्या साह्याने वर उचलावे, वर आले असेल तर दाबावे आणि मग बांधावे, असे सांगितले आहे. बंध सैल राहिला तर सांध्याला स्थैर्य येत नाही, फार आवळला तर सूज, वेदना आणि पिकणे, म्हणून बंध मध्यम असावा, हेही त्याच ग्रंथात आहे. मुसळ आज कोणी वापरू नये, पण बंधाविषयीचे बोल आजही खरे आहेत. गावोगावी कामट्या करकचून बांधणारे हाडवैद्य नेमके तेवढेच विसरतात! ग्रीसच्या हिपोक्रॅटिसच्या नावावरील ग्रंथांत तर एक मार्मिक निरीक्षण आहे. हे हाड मोडले की रोगी आधी फार घाबरतो. पुढे वेदना उतरतात, चालणे-जेवणे अडत नाही, मग तो हेळसांड करू लागतो, आणि हाड मधल्या काळात आपले आपण जुळत असते.

आता झोळीविषयी. विकतची नसली तरी अडत नाही. मीटरभर चौरस कापड, जुने लुगडे किंवा धोतर फाडून घेतलेले चालेल, कोपऱ्यातून दुमडून त्रिकोण करावा. कोपर काटकोनात, पंजा कोपरापेक्षा किंचित वर, आणि मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत आधार. गाठ चांगल्या बाजूच्या खांद्यापुढे यावी, मानेच्या मणक्यावर नको. खाली कापडाची घडी घाला. पुष्कळांची झोळी इतकी लांब असते की हात लोंबकळतो. असा आधार असून नसल्यासारखाच. शाळेच्या कपाटात असे दोन-तीन त्रिकोण धुऊन ठेवले, तर मुलाला दवाखान्यात नेताना पंचाईत होत नाही.

लहान मुलांचे हाड ओल्या काडीसारखे, वाकते पण पुरते तुटत नाही. तीन ते सहा आठवड्यांत जुळते; जुळल्या जागी गाठ येते आणि वाढीबरोबर ती ओसरते. मोठ्यांना सहा ते बारा आठवडे लागतात आणि त्यांची गाठ थोडी राहते. विडी ओढणाऱ्याचे हाड उशिरा जुळते.

झोळीने भागत नाही असेही प्रसंग असतात. हाड कातडी फाडून बाहेर आले, कातडी तंबूसारखी ताणून पांढरी पडली, दम लागू लागला किंवा हात बधिर झाला, तर थेट मोठ्या रुग्णालयात जावे. कासारवाडीकरांना पिंपरीत संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय जवळ आहे. इंग्लंडचे माजी पंतप्रधान सर रॉबर्ट पील १८५० साली घोड्यावरून पडले, त्यांचे हेच हाड मोडले आणि तीन दिवसांत ते वारले. हाडाखालची रक्तवाहिनी दुखावली असावी, असे मानतात. असे क्वचितच घडते, पण घडते. तुकडे फार सरकले असतील तर डॉक्टर पट्टी आणि स्क्रू बसवायचे सुचवतात. कॅनडात १३२ रोग्यांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा मोडीत शस्त्रक्रियेनंतर हाड न जुळण्याचे प्रमाण कमी आढळले. मात्र बसवलेल्या धातूमुळे काहींना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. निर्णय वय, काम आणि मोड पाहून घ्यायचा असतो.

हात झोळीत असला तरी बोटे, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवावे. नाही तर हाड जुळते आणि सांधा आखडतो. पहिल्या रात्री आडवे झोपवत नाही. पाठीमागे उशा रचून अर्धवट बसून झोपावे. दुखणे उतरले की, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून झोळी सोडता येते, पण हात खांद्याच्या वर नेणे सहा आठवड्यांपर्यंत टाळावे आणि जड ओझे तीन महिने उचलू नये.

इथेच कामगाराची खरी अडचण होते. रोज बुडतो म्हणून तो झोळी खिशात घालून कामावर हजर होतो. ज्याच्या पगारातून राज्य विम्याची वर्गणी कापली जाते, त्याने हे जाणून असावे की २०१० सालच्या दुरुस्तीपासून कामावर जाता-येताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, कामावरचाच धरला जातो, आणि तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के भरपाई मिळते. त्यासाठी विम्याच्या दवाखान्यात लगेच नोंद करावी, अपघाताची जागा आणि वेळ लिहून ठेवावी, कारखान्याला त्याच दिवशी कळवावे, आणि रजेचा दाखला दर वेळी वाढवून घ्यावा.