आठवड्याच्या बाजाराची मांडणी

आपल्या बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांत ज्यास कानडीत ‘संते’ आणि मराठीत ‘आठवड्याचा बाजार’ म्हणतात, त्याची कोणी आखणी करीत असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वार ठरलेला, जागा ठरलेली. माणसे येतात, पाले ठोकतात आणि दिवस मावळताना उठून जातात. परंतु जरा बारकाईने पाहिल्यास ह्या गर्दीतही एक रचना आढळते. भाजीवाल्या एका ओळीत, तूर-ज्वारीची पोती दुसरीकडे, मिरचीचे ढीग ठसका लागू नये म्हणून कडेला, आणि जनावरांचा बाजार सर्वांत लांब. ही रचना कोणा अभियंत्याने कागदावर काढलेली नाही. ती पिढ्यान् पिढ्यांच्या सोयीने घडत आली आहे. म्हणून बाजार सुधारावयाचा झाल्यास आधी तो नीट पाहावा लागतो.

ह्या बाबतीत पुण्याच्या मंडईची हकीकत मोठी मनोरंजक आहे. तेथील भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानात भरत असे. त्यासाठी भव्य दगडी इमारत बांधण्याचे घाटू लागले, तेव्हा जोतीराव फुले ह्यांनी त्या खर्चास विरोध केला. ते १८७६ ते १८८२ ह्या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. तरीही इमारत झाली, १८८६ साली ती उघडली आणि गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांचे नाव तिला मिळाले. पुढे आचार्य अत्रे ह्यांच्या पुढाकाराने तिचे नाव ‘महात्मा फुले मंडई’ झाले. ज्यांनी विरोध केला, त्यांचेच नाव! इमारत देखणी आहे आणि आजही तेथे भाजी विकली जाते, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र तिच्या भोवताली उघड्यावर बसणारे विक्रेते काही नाहीसे झाले नाहीत. बाजार भिंतींच्या आत मावत नाही.

याउलट गोव्यात म्हापशाचा बाजार पाहावा. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरीस, १९६० च्या सुमारास, तो आखून बांधण्यात आला. पण उघड्या बाजाराची रीत त्याने मोडली नाही. जिन्नसवार ओळी, मध्ये मोकळी जागा, आणि शुक्रवारी आसपासच्या गावांतून येणाऱ्यांना पथारी पसरण्यास वाव. केळी, मडकी, सुकी मासळी, सारे आपापल्या ठिकाणी. (सुक्या मासळीचा वास माझ्या कोकणी नाकास सुगंधच वाटतो, येथील माझ्या विद्यार्थ्यांस तो मानवेल असे वाटत नाही.)

आता आपल्याकडे वळू. कलबुर्गीकडची जमीन काळी. पहिल्या पावसातच तिचा असा चिखल होतो की पायातील वहाण तेथेच राहते. तेथे छपरापेक्षा आधी ओटा हवा. तो गुडघ्याइतका उंच असल्यास बसलेल्या बाईस व उभ्या गिऱ्हाइकास दोघांसही सोयीचा पडतो. दोन ओळींमधील वाट आठ-दहा फुटांची असावी, म्हणजे डोईवर पाटी घेतलेली दोन माणसे एकमेकांस न धडकता जातील आणि हातगाडीही निघेल. वाटेला शंभर फुटांस एक फूट उतार दिला तर पाणी आपोआप नालीकडे जाते. बीदरकडे जांभा दगड मुबलक आहे. तो कापण्यास सोपा असून जुन्या बीदरच्या बांधकामांत सर्वत्र दिसतो. ओट्यासाठी सिमेंट दुरून आणण्यापूर्वी ह्या दगडाचा विचार करावा.

उन्हाळ्यात येथे पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पत्र्याचे छप्पर घातले तर त्याखाली माणूस व मेथी दोन्ही सुकतात. लिंब व चिंच ही झाडे बाजाराच्या पश्चिम अंगास लावल्यास दुपारनंतरचे तिरपे ऊन अडते. छप्पर घालावयाचेच असेल तर त्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे मावळतीचे ऊन केवळ अरुंद बाजूने आत येते. झाड वाढण्यास दहा वर्षे लागतात, हे खरे. पण बाजार तर शंभर वर्षे भरावयाचा असतो.

पाण्याच्या बाबतीत बीदरकरांस बाहेरून शिकण्याची गरज नाही. नौबाद येथे बहमनी काळातील ‘करेज’ आहे. जमिनीखालून खोदलेला बोगदा आणि त्यावर जागोजाग हवेच्या विहिरी, अशी ही योजना. त्या काळी पाण्याची एवढी दूरदृष्टी असलेल्या मुलुखात आज बाजारात एक नळ नसावा, हे लाजिरवाणे आहे. त्याहून गंभीर गोष्ट शौचालयाची. पहाटेच्या गाडीने आलेली भाजीवाली दिवसभर पाणी पिण्याचे टाळते, कारण जावयास जागा नाही. बाजाराच्या सुधारणेत सर्वांत आधी खर्च कशावर करावा असे कोणी विचारल्यास मी निःसंकोच ह्याच गोष्टीकडे बोट दाखवीन.

कचऱ्याचा प्रश्न त्यामानाने सोपा. पाला, साली, सडकी फळे ही जनावरांची वैरण किंवा खत. ती वेगळी ठेवली की झाले. कर्नाटकात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१६ पासून बंदी आहे, पण बाजार उठल्यावर मैदानात काय उडत असते ते आपण पाहतोच. कापडी पिशवी घरून नेणे हे काम मुलांनी अंगावर घेण्याजोगे आहे.

हे सर्व ठरवावयाचे कोणी? शहरांपुरता २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात आणि त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया. पन्नास वर्षांहून अधिक काळ भरणारा नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा व तेथील विक्रेत्यांस हलवू नये, असेही त्यात म्हटले आहे. खेड्यांतील संता ग्रामपंचायतीकडे असतात. बऱ्याच ठिकाणी बाजाराची वसुली लिलावाने दिली जाते. त्या पैशातून ओटा, नळ व शौचालय किती झाले, हे ग्रामसभेत कोणासही विचारता येते. पण कोणता बाजार पन्नास वर्षांचा आहे, ह्याचा कागद सर्वत्र सापडेलच असे नाही. तो पुष्कळदा तेथे बसणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या आठवणीत असतो, आणि ती आठवण आज लिहून घेता येण्याजोगी आहे.