शेतीची पदवी आणि कपाशीचे बोंड

‘शेती शिकायला चार वर्षे कॉलेजात कशाला जावे लागते?’ हा प्रश्न आम्ही शहरात पुष्कळदा ऐकला आहे. विचारणाऱ्याचे म्हणणे बहुधा असे असते की, आमचे आजोबा अक्षरशत्रू होते, पण पेरा केव्हा घालावा आणि खळे केव्हा करावे हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. हे खरेच आहे. परंतु आजोबांच्या शेतात बाजारातले बियाणे नव्हते, डब्यातले औषध नव्हते, आणि किडीने रूप पालटले तर ती का पालटली हे सांगण्याची जबाबदारीही त्यांच्यावर नव्हती. ती जबाबदारी आज कोणावर तरी आहे. ती पेलणारी माणसे तयार करण्यासाठी ही पदवी आहे, अशी निदान अपेक्षा आहे.

प्रथम या शिक्षणाची ओळख करून घेऊ. बारावी विज्ञानानंतर प्रवेशपरीक्षा द्यायची आणि चार वर्षांत आठ सत्रे पुरी करायची. अभ्यासक्रमाची चौकट भारतीय कृषी अनुसंधान परिषद ठरवते. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. ती १९६८ ते १९७२ या काळात निघाली. पुण्याचे कृषी महाविद्यालय मात्र त्यांच्याहून बरेच जुने, म्हणजे १९०७ सालचे. विषयांत कृषिविद्या, मृदाशास्त्र, कृषी वनस्पतिशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, उद्यानविद्या, अर्थशास्त्र आणि विस्तारशिक्षण हे प्रमुख होत. साध्या विज्ञान महाविद्यालयातला वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी शेवाळापासून वडापर्यंत सगळी सृष्टी पाहतो. शेतीच्या विद्यार्थ्याची सृष्टी लहान असते, पण त्याला त्याच रोपाकडे पाऊस, कीड, मजुरी आणि बाजारभाव यांच्या गर्दीत पाहावे लागते.

यादी वाचून विषयाची गोडी कळत नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ. आपल्या ताटातली भाकरी ज्वारीची आणि पोळी गव्हाची. दोन्ही गवतेच. पण भर उन्हात ज्वारी जोमाने वाढते आणि गव्हाला थंडी लागते. असे का? हिरवे पान हवेतला कर्बवायू पकडून त्याची साखर करते. हे पकडण्याचे काम पानातले एक विकर करते, आणि त्या विकराला एक खोड आहे. कर्बवायू आणि प्राणवायू यांतला फरक त्याला नीट कळत नाही. उष्णता वाढली की ते प्राणवायूच अधिक पकडू लागते आणि रोपाची केलेली मेहनत वाया जाते. गहू आणि भात हे नुकसान सोसतात. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांनी निराळी व्यवस्था केली आहे. त्यांच्या पानाच्या बाहेरच्या पेशी कर्बवायू आधी एका चार कर्बअणूंच्या आम्लात बांधतात आणि आतल्या, शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन सोडतात. तेथे कर्बवायूची इतकी दाटी होते की त्या विकराला चूक करायला वावच राहत नाही. हॅच आणि स्लॅक या दोघांनी ऑस्ट्रेलियात उसावर काम करून हा मार्ग १९६६ साली मांडला. कर्बवायू असा साठवता येत असल्यामुळे पानाची रंध्रे फार उघडी ठेवावी लागत नाहीत आणि पाणी वाचते. यावरून कोणी म्हणेल की, मग ऊसही काटकसरी ठरला! किलोमागे हिशेब केला तर तो तसा आहेच. पण आडसाली ऊस सोळा-अठरा महिने जमिनीत उभा असतो, आणि ज्वारी चार महिन्यांत घरी येते. शास्त्रातले अर्धे वाक्य उचलून वाद जिंकणारे लोक प्रत्येक सभेत भेटतात.

आता कपाशीकडे वळू. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. शेतात फवारणी करणारा माणूस हाही मजूरच, म्हणून या पिकाची हकीगत आम्ही पुस्तके मिळवून जरा बारकाईने वाचली.

२००२ साली भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचे जनुक तिच्यात घातलेले असते. त्यामुळे रोप स्वतःच एक प्रथिन तयार करते आणि ते खाल्ले की बोंडअळी मरते. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. आरंभी फवारण्या खरोखरच कमी झाल्या. परंतु लाखो अळ्यांत एखादी अशी निघते की जिला हे प्रथिन बाधत नाही. हा गुण बहुधा अप्रभावी असतो, म्हणजे आई आणि बाप या दोघांकडून तो मिळाला तरच अळी जगते. मेंडेलने वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ साली प्रसिद्ध केलेला नियम तो हाच. जगलेल्या अळीचा पतंग झाला आणि त्याला जोडीदार साध्या, मरणाऱ्या जातीचा मिळाला, तर त्यांची पिल्ले बीटी रोपावर मरतात. दोघेही सोसणारेच असले, तर सगळी पिल्ले सोसणारी निपजतात. म्हणून साधे पतंग पुरेसे जिवंत राहिले पाहिजेत! त्यासाठी शेताच्या कडेने बिगरबीटी कपाशीच्या ओळी लावायच्या. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पुड्याबरोबर १२० ग्रॅमची वेगळी पुडी त्यासाठीच दिली जात असे.

ती पुडी बहुतेकांनी पेरली नाही. शेतकरी अडाणी म्हणून असे झाले, असे म्हणणे सोपे आहे. पण दोन एकरांच्या धन्याने पाचवा हिस्सा जाणूनबुजून अळीला द्यावा, हे त्याला कोणी समजावून सांगितले होते? पुण्याच्या त्या महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्राचे. त्यांनी पिंपळे सौदागर या गावचा घरोघर हिशेब घेऊन १९१७ साली ग्रंथ लिहिला. १७७१ मध्ये तेथे सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. (आज त्याच गावच्या शिवारात मजल्यांवर मजले उभे आहेत.) मातीचे पृथक्करण करणाऱ्याने माणसाच्या जमिनीचे तुकडेही मोजले पाहिजेत, हे त्या काळी एका प्राचार्याला पटले होते. कपाशीचे नियम करणाऱ्यांनी ते ध्यानात घेतलेले दिसत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. आपल्याकडे बीटी कपाशी आली ती मुख्यतः संकरित बियाण्याच्या रूपाने. संकरित रोपात परके जनुक एकाच बाजूने आलेले असते. तेव्हा त्याच्या बोंडातल्या सरकीत, पुन्हा मेंडेलच्याच नियमाने, प्रत्येक जनुकाच्या बाबतीत चारातली एक सरकी त्या प्रथिनावाचून असते. गुलाबी बोंडअळी तर नेमकी सरकीच खाते. एकाच बोंडात तिला विषारी आणि बिनविषारी दोन्ही दाणे मिळतात, आणि त्यामुळे अळीला सहनशक्ती लवकर आली असे अनेक शास्त्रज्ञांचे मत आहे. त्यात फरदड ठेवण्याची चाल. डिसेंबरात पऱ्हाटी उपटली तर अळी उपाशी राहते. पाणी देऊन मार्चपर्यंत उभी ठेवली तर तिच्या आणखी पिढ्या पोसल्या जातात. गुजरातेत पहिल्या जनुकाला न जुमानणारी अळी २०१० मध्ये जाहीर झाली आणि २०१७ च्या हंगामात तिने विदर्भातली बोंडे पोखरून काढली.

त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयात गेली. ती सगळी फवारणी बोंडअळीसाठी नव्हती. तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यासाठीही होती. कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढलेली, हवा दमट, अंगावर साधा सदरा, आणि पंपात दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली. त्यांतली काही सेंद्रिय फॉस्फरसची औषधे मज्जातंतूंतले एक विकर बंद पाडतात. कीटकाचे पाडतात तसे माणसाचेही. घाम आणि लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. विष तोंडावाटेच जावे लागते असे नाही. भिजलेल्या कातडीतूनही ते शरीरात शिरते. अॅट्रोपिन हा त्यावरचा उपाय, पण तो वेळेवर मिळाला तर. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग विषाची पायरी सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. रोजाने पाठीवर पंप घेणाऱ्या मजुराच्या हाती पुष्कळदा तो डबा येतच नाही. मालकाने कालवलेली बादली येते.

हे सगळे पदवीच्या अभ्यासक्रमात शिकवले जाते. फवारणी केव्हा करावी याची मोजणी तर कीटकशास्त्राच्या तासाला पाठच करून घेतात: कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ गुलाबी पतंग सापडले, किंवा शंभरांत दहा फुले अथवा बोंडे किडकी दिसली, तरच औषध काढायचे. तोवर पाच टक्के निंबोळी अर्कावर भागते. मग हे ज्ञान बांधापर्यंत का पोचत नाही? शेतकऱ्याचा पहिला वैद्य औषधाचा दुकानदार असतो, हे त्याचे एक कारण आहे. अशा दुकानाच्या परवान्यासाठी आता शेतीची वा तत्सम विज्ञानाची पदवी, पदविका किंवा ठरावीक प्रशिक्षण लागते. ही सुधारणा चांगली आहे. पण दुकानदाराचे पोट विक्रीवर चालते, आणि ‘यंदा फवारू नका’ असा सल्ला देऊन गल्ला भरत नाही. दुसरे असे की, पदवीधरांपैकी बरेच जण स्पर्धापरीक्षा, बँक आणि कंपनीची नोकरी या वाटांनी जातात. त्यांना आम्ही दोष देत नाही. ज्याला पगार लागतो त्याने पगाराच्या जागी जावे. मात्र कृषी सहायकाच्या जागा रिकाम्या ठेवून विद्यार्थ्यांना खेड्याकडे चला म्हणणे, याला आमचा आक्षेप आहे.

चौथ्या वर्षी विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहतात. गावकरी त्यांना कृषिदूत, कृषिकन्या म्हणतात. बीजप्रक्रिया, माती परीक्षण यांची प्रात्यक्षिके ते पारावर करून दाखवतात, आणि ती पाहायला जमिनीचा मालक येतो. पंप उचलणारा त्या वेळी कामावर असतो. एक प्रात्यक्षिक संध्याकाळी, मजूरवस्तीत, रिकामा पंप आणि त्रिकोण छापलेला कागद घेऊन करावे, असे आम्ही सुचवतो. त्यासाठी शासनाच्या मंजुरीची गरज नाही.

ज्यांच्या घरी मुलगा वा मुलगी या शिक्षणाकडे वळत आहे, त्यांना एवढेच सांगतो. शेत नसलेल्या घरचे मूलही हे शिकू शकते, आणि गिरणी कामगारांच्या मुलांनी ते शिकावे असे आम्हांला वाटते. कॉलेज निवडताना इमारत पाहू नका. जमीन किती, विहिरीला पाणी किती महिने असते, सूक्ष्मदर्शके किती जणांत एक, आणि पीक उत्पादनाच्या प्रात्यक्षिकात रोपावर हात विद्यार्थ्याचा पडतो की गड्याचा, हे विचारा. शक्य असेल तर खरिपाच्या पेरणीच्या दिवसांत एकदा जाऊन या. विद्यार्थी शेतात आहेत की नाहीत हे फाटकातूनही दिसते.