काउंटरमागचं दार

डिसेंबरात भारतातून आई-बाबा आले की पंधरा दिवसांत त्यांना देवळाचा रस्ता माहीत होतो, भारतीय भाजीचं दुकान माहीत होतं, आणि वाटेत टॉयलेट कुठे कुठे आहे तेही. या शेवटच्या माहितीबद्दल पुण्याला फोनवर कोणी बोलत नाही, पण घराबाहेर पडताना हिशेब तिचाच चाललेला असतो. लायब्ररी आज उघडी आहे का, मॉल किती वाजता बंद होतो, बस किती वेळ घेते. प्रोस्टेटचा त्रास असलेले, मधुमेह असलेले, रक्तदाबासाठी किंवा पायांच्या सुजेसाठी लघवीची गोळी घेणारे असे आजी-आजोबा आपल्या घरोघरी येतात. त्यातले काही जण बाहेर जायच्या दिवशी ती गोळी गुपचूप चुकवतात आणि दुपारपर्यंत पाणीही पीत नाहीत. डॉक्टरांना हे कळलं तर ते कपाळावर हात मारतील. पण दुकानात शिरून अनोळखी माणसाकडे इंग्रजीतून टॉयलेट मागण्यापेक्षा त्यांना तहान सोपी वाटते.

खरं तर या बाबतीत न्यूझीलंडला नावं ठेवायला फारशी जागा नाही. समुद्रकिनारे, बागा, छोट्या गावांचे मुख्य रस्ते अशा ठिकाणी कौन्सिलची फुकट आणि बहुतेक वेळा स्वच्छ टॉयलेट असतात. नॉर्थलंडमधल्या कावाकावा गावात तर लोक टॉयलेट बघायलाच थांबतात. मूळचा ऑस्ट्रियाचा चित्रकार हुंडरटवासर सत्तरच्या दशकात त्या भागात येऊन राहिला आणि 1999 मध्ये त्याने गावासाठी हे स्वच्छतागृह उभं केलं. बँकेच्या पाडलेल्या इमारतीच्या विटा, भिंतीत बसवलेल्या रंगीत बाटल्या, शाळेतल्या मुलांनी केलेल्या फरश्या, छपरावर गवत. बे ऑफ आयलंड्सला जाताना आपल्यातल्या बहुतेकांनी तिथे फोटो काढलेले आहेत. गाडी थांबते, माणसं उतरतात, मग समोर कॉफी घेतात. टॉयलेटमुळे गिऱ्हाईक येतं, हे त्या गावाला कोणी समजावून सांगायला लागलं नाही.

अडचण येते ती दोन सरकारी टॉयलेटांच्या मधल्या रस्त्यावर. तिथे असतात ती दुकानं. कामगारांसाठी टॉयलेट असलंच पाहिजे, असा इथला कायदा आहे. म्हणजे तुम्ही ज्या काउंटरसमोर पाय आवळून उभे आहात त्याच्या मागे टॉयलेट आहे, हे नक्की. ते तुम्हाला वापरू द्यायचं की नाही, ही मात्र दुकानदाराची मर्जी. वीस डॉलरची खरेदी केलेल्या माणसाला ‘सॉरी, स्टाफ ओन्ली’ असं सांगितलं तर त्यात बेकायदा काही नाही.

आता यावर रागावणं सोपं आहे, पण काउंटरच्या पलीकडे कोण उभं असतं तेही बघायला हवं. भारतातल्या वाचकांसाठी सांगते, इथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात, आणि कितीतरी डेअऱ्या भारतीय कुटुंबं चालवतात. संध्याकाळच्या पाळीला आपलीच शिकायला आलेली मुलं-मुली एकटी उभी असतात. नोव्हेंबर 2022 मध्ये ऑकलंडच्या सँड्रिंगहममध्ये दरोड्याच्या वेळी डेअरीत काम करणाऱ्या एका भारतीय तरुणाचा खून झाला, ते आपण कोणी विसरलेलो नाही. दुकानात धूर सोडणाऱ्या फॉग कॅननपर्यंत वेळ आली. ज्या मागच्या खोलीत टॉयलेट असतं तिथेच सिगारेटचा साठा असतो, रोकड असते, आणि कॅमेरा बहुधा नसतो. टेकअवेमध्ये तर टॉयलेटला जायची वाट स्वयंपाकघरातून, उकळत्या तेलाच्या कढईशेजारून. कोणी घसरून पडलं तर 2015 च्या आरोग्य आणि सुरक्षा कायद्याखाली मालकाची चौकशी होऊ शकते. अशा दुकानाने ‘नाही’ म्हटलं तर मी त्याला माणुसकी शिकवायला जाणार नाही.

पण प्रत्येक ‘नाही’ असा नसतो. सहा-सात माणसं कामाला असलेल्या, भरपूर उजेडाच्या मोठ्या दुकानातही तेच उत्तर मिळतं, कारण उत्तर द्यायची जबाबदारी ज्या मुलीवर पडते तिला कोणी काही सांगितलेलं नसतं. हो म्हटलं तर मॅनेजर ओरडेल की काय, ही तिची भीती. मग ती नाही म्हणते. मालकाने एक वाक्य आधी सांगून ठेवलं असतं तर दोघींचीही सुटका झाली असती.

ज्यांना थांबताच येत नाही अशा माणसांचा प्रश्न आणखी वेगळा. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्यांचे आजार. ते ज्या देशांत सर्वांत जास्त आढळतात त्यांत न्यूझीलंड येतं. हे ‘त्यांचे’ आजार, असं समजू नका. दक्षिण आशियातून ब्रिटन आणि कॅनडात गेलेल्या कुटुंबांच्या तिथेच वाढलेल्या मुलांमध्ये त्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं आहे. म्हणजे हा आपल्या इथे जन्मलेल्या मुलांचाही विषय आहे. कळ आल्यावर हाताशी असतात ती थोडी मिनिटं. क्रोन्स अँड कोलायटिस न्यूझीलंड ही संस्था अशा रुग्णांना ‘आय कान्ट वेट’ असं कार्ड देते. ते दाखवलं की भर दुकानात आजार सांगत बसावं लागत नाही. पण कार्डामागे कायदा नाही. समोरच्याने मान हलवली तर ठीक.

अमेरिकेत मात्र याचा कायदा झाला, तो एका चौदा वर्षांच्या मुलीमुळे. ॲली बेनला क्रोन्स होता. दुकानाने टॉयलेट नाकारलं आणि तिच्यावर भर दुकानात नको ती वेळ आली. तिने आणि तिच्या आईने आमदार गाठला, आणि 2005 मध्ये इलिनॉय राज्याने कायदा केला. पुढे इतर अनेक राज्यांनी तो उचलला. त्यातल्या अटी मला विशेष शहाण्या वाटतात. ग्राहकाला तसा आजार हवा, दुकानात त्या वेळी किमान तीन कर्मचारी हवेत, टॉयलेट धोक्याच्या जागी नको, आणि जवळपास सार्वजनिक सोय नसावी. म्हणजे रात्री एकट्या असलेल्या मुलीवर सक्ती नाही, मोठ्या दुकानाला मात्र पळवाट नाही. इथे कायदा करायचा तर असाच करावा.

टॉयलेट मागण्यात लाज काय, ही लढाई आपल्या मराठी बायका फार आधीपासून लढताहेत. मुंबईत पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, या अन्यायावर 2011 मध्ये ‘राइट टू पी’ चळवळ उभी राहिली. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाने तर थेट मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. रस्त्यावर वावरणाऱ्या बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये सांगितलं आणि महापालिकांना कामाला लावलं. एका मासिकाने हे केलं याचा मला, दिवाळी अंकात लिहिताना, जरा जास्तच अभिमान वाटतो! दक्षिण दिल्लीच्या महापालिकेने 2017 मध्ये हॉटेलं आणि रेस्टॉरंटांची टॉयलेट सगळ्यांना खुली करायचा हुकूम काढला, वर पाच रुपयांपर्यंत घ्यायची मुभा दिली. हॉटेलवाले कुरकुरले. सफाईचा खर्च त्यांचा, आणि पाच रुपयांत काय भागणार, हे म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

खर्चाचं उत्तर जर्मनीत सापडतं. आलेन नावाच्या शहराने 2000 च्या सुमाराला ‘नेटे टॉयलेट’, म्हणजे ‘छानसं टॉयलेट’, ही योजना काढली. ज्या कॅफे-रेस्टॉरंटांची तयारी आहे ती दारावर एक स्टिकर लावतात, काही विकत न घेताही कोणालाही आत जाता येतं, आणि नगरपालिका त्यांना सफाईसाठी ठरावीक रक्कम देते. नवं टॉयलेट बांधून सांभाळण्यापेक्षा हे पालिकेला स्वस्त पडतं, म्हणून ती योजना जर्मनीतल्या शेकडो गावांत गेली. कोणावर सक्ती नाही, आणि स्टिकर बघून आत जाणाऱ्या आजोबांना तोंड उघडून काही मागावं लागत नाही. मला तर हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

आपल्यात दुकानं, कॅफे, टेकअवे चालवणारे बरेच जण आहेत. त्यांनी निदान एवढं करावं: कार्ड दाखवणारा, गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस यांना हो म्हणायचं का आणि दुकानात किती जण असताना म्हणायचं, हे ठरवून पाळीवरच्या मुलांना सांगून ठेवावं. नाहीच जमणार असेल तर जवळचं टॉयलेट कुठे आहे याची चिठ्ठी काउंटरवर लावावी. आणि ज्यांच्याकडे आई-बाबा येणार आहेत त्यांनी टॉयलेट शोधून देणारं कँपरमेट ॲप त्यांच्या फोनवर टाकून द्यावं, लघवीची गोळी कोणत्या वेळी घेतली तर बाहेर जाता येईल हे डॉक्टरांना विचारावं.

स्टिकरच्या योजनेसाठी संसदेपर्यंत जायची गरज नाही. ऑकलंडमध्ये लोकल बोर्डाच्या बैठकीत सामान्य रहिवाशाला बोलायची वेळ मागता येते. वेळ थोडाच मिळतो, पण दुकानाच्या रांगेत आपल्या आजोबांना मिळतो त्यापेक्षा जास्त.