केस, खेळ आणि शिस्त

शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम आला, की मैदानावर फक्की पडते आणि त्याच आठवड्यात गावातल्या सलूनपुढे रांग लागते. संघात निवड झालेल्या मुलाच्या कानी पडणारी पहिली सूचना पुष्कळदा सरावाची नसतेच. ‘उद्या केस कापून ये’ ही असते. सरांनी डोक्यावरून हात फिरवायचा, केस चिमटीत आले की मुलगा रांगेबाहेर, हा प्रकार आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. इतक्या वेळा पाहिला आहे, की हा नियम आला कोठून, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. तो खेळाचा नियम आहे, शाळेचा आहे, की केवळ सवयीचा? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम खेळांच्या नियमांकडे वळू. आपल्या नाशिक जिल्ह्यात गावोगाव खेळली जाणारी कबड्डी घ्या. कबड्डीत नखे कापलेली असावी लागतात, अंगावर दागिना चालत नाही, अंगाला तेल किंवा तत्सम पदार्थ लावता येत नाही. कारणे उघड आहेत. नखाने ओरखडा उठतो, अंगठी-कड्याने इजा होते आणि तेल लावलेला चढाईपटू कोणाच्याच हाती लागत नाही. मग केसांचे काय? चढाई करणाऱ्याला अडवायचे ते हातपाय किंवा धड धरूनच, असे नियम सांगतो. शरीराचा दुसरा कोणताही भाग धरून त्याला अडवले, तर तो बाद ठरत नाही. म्हणजे केस ओढून केलेली पकड ही पकडच नव्हे. येथे नियमाने केस वाढवणाऱ्याला दोषी धरलेले नाही, केस ओढणाऱ्याला धरले आहे. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

ज्या खेळांत अंगाला अंग भिडते, त्यांतील जागतिक नियमही याच दिशेचे आहेत. ज्यूदोत लांब केस असतील, तर प्रतिस्पर्ध्याला त्रास होणार नाही असे ते बांधावेत, एवढीच अपेक्षा आहे. आंतरराष्ट्रीय कुस्तीत मल्लाचे केस फार लांब असतील, तर पंच त्याला कानावरचे संरक्षक आवरण घालायला लावू शकतो. म्हणजे नियमकर्त्यांना अडचण दिसली आणि त्यांनी तिच्यावर उपाय काढला. उपाय फीत आणि टोपी यांचा आहे, कात्रीचा नाही.

याचा सर्वांत मोठा पुरावा मात्र आपल्याच मैदानावर रोज धावत असतो. मुलींचे कबड्डी आणि खो-खोचे संघ पाहा. तोच खेळ, तेच मैदान, तीच शिट्टी. मुली दोन वेण्या घालून, त्या वर बांधून मैदानात उतरतात. खो-खोत खांबाला वळसा घालताना, झेप घेऊन गडी बाद करताना त्यांचे केस आड येत नाहीत. कोणत्याही शाळेने ‘वेणी कापल्याशिवाय संघात घेणार नाही’ असे मुलींना सांगितल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. लांब केस खरोखरच खेळाला घातक असते, तर हा नियम प्रथम मुलींना लागू झाला असता. तो लागू होत नाही, त्या अर्थी मुलांच्या बाबतीत कारण खेळाचे नसून दुसरेच काही आहे.

तरीही लांब केसांची काहीच अडचण होत नाही, असे म्हणणे खरे होणार नाही. तालमीत तांबड्या मातीत लोळणारा मल्ल केस बारीक ठेवतो, त्याला कारण आहे. माती केसांत बसते, घाम डोळ्यांत उतरतो. दोरीच्या मल्लखांबावर सुटे केस दोरीत अडकू शकतात. भालाफेकपटू नीरज चोप्रा याचे २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत मानेवर रुळणारे केस सर्वांनी पाहिले. पुढे केस आणि घाम यांचा त्रास होतो म्हणून त्याने ते कापले आणि ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळवले. पण येथे एक भेद ध्यानात घ्यावा. हा निर्णय त्याने स्वतःच्या खेळाच्या सोयीसाठी घेतला. लांब केसांनिशी त्याने जाकार्तात सुवर्ण जिंकलेच होते. सोयीसाठी स्वतः केस कापणे वेगळे आणि संघातून काढण्याची भीती घालून कापायला लावणे वेगळे.

मग खेळाच्या पुस्तकात नसलेला हा नियम शाळेच्या मैदानावर आला कसा? आपल्या परंपरेतून तो आलेला नाही. पेशवाईत पुरुषाच्या डोक्यावर शेंडी असे आणि ती राखूनच तो तालमीत उतरे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेले बाळंभटदादा देवधर हे मल्लखांबविद्येचे आद्य आचार्य मानले जातात. आपल्या जिल्ह्यातील वणीच्या सप्तशृंगीच्या चरणी उपासना करीत असता त्यांना मारुतिरायाने ही विद्या दिली, अशी आख्यायिका आहे. त्या काळी मर्दानी विद्या आणि डोक्यावरचे केस यांत वैर नव्हते.

बारीक केसांचा आग्रह आला तो कवायतीबरोबर. इंग्रजी पलटणीतली कवायत शाळेत शिरली आणि तिच्यासोबत पलटणीचे डोकेही शिरले. नाशिकला तर लष्करी शिक्षणाची जुनी परंपरा आहे. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली येथे भोसला मिलिटरी स्कूल स्थापन केले. १९४८ पासून राष्ट्रीय छात्रसेना आली. देवळालीला तोफखान्याचे मोठे केंद्र आहे. जवानाने केस बारीक ठेवावेत, हे समजण्यासारखे आहे. त्याला शिरस्त्राण घालावयाचे असते, दिवसेंदिवस आंघोळीविना काढावे लागतात. परंतु खो-खो खेळणारा आठवीतला मुलगा म्हणजे जवान नव्हे. शिवाय ज्या लष्कराचा दाखला आपण देतो, त्याच लष्करात शीख जवान केस आणि दाढी राखून पराक्रम गाजवीत आले आहेत. मिल्खा सिंग १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर धावताना चौथे आले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर केसांचा बुचडा होता. बिशनसिंग बेदी पटका बांधून फिरकी टाकीत. यांपैकी कोणाच्या शिस्तीबद्दल कोणी शंका घेतलेली नाही.

येथे कोणी म्हणेल, केसच ते, पुन्हा वाढतील. एवढ्याशा गोष्टीचा बाऊ कशाला? पण आपल्या समाजात केस ही एवढीशी गोष्ट कधीच नव्हती आणि हे नाशिककरांना तरी सांगावे लागू नये. वडील गेले की मुलगा रामकुंडावर मुंडण करतो. सिंहस्थात जटाधारी साधूंच्या पायावर लोक डोके ठेवतात. नवसाने झालेल्या मुलाचे केस देवीच्या दारी जाऊन जावळ काढेपर्यंत कोणी कापीत नाही. आणि सक्तीने केस काढणे म्हणजे काय, हे या महाराष्ट्राने विधवांच्या केशवपनात पाहिले आहे. त्याविरुद्ध १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिक बांधवांनीच एकत्र येऊन, ‘आम्ही हे काम करणार नाही’ असा निर्धार केला. ज्यांच्या हाती वस्तरा होता, त्यांनीच तो खाली ठेवला. विधवेचे दुःख आणि खेळाडूची अडचण यांची बरोबरी मला करावयाची नाही. पण दुसऱ्याच्या डोक्यावर सक्तीने हात घालणे हा अपमान आहे, ही जाणीव आपल्याला त्या घटनेने दिली आहे.

आमच्या तालुक्यातील एका शाळेच्या कबड्डी संघात नवसाचे केस राखलेला एक मुलगा होता. चढाईला गेला की दोन गडी घेऊनच परतायचा. तालुका स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याला सांगण्यात आले, केस काप नाहीतर घरी जा. घरच्यांचा नवस मोडणे त्याच्या हातात नव्हते. तो घरी गेला. शाळेचा संघ दुसऱ्याच फेरीत हरला, हे दुःख लहान आहे. मोठे दुःख वेगळे आहे. स्पर्धेत खेळणारा मुलगा जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढू शकतो. त्या पायऱ्यांवर दहावी-बारावीच्या परीक्षेतले क्रीडागुण असतात आणि शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के राखीव जागा असतात. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी दहावीपुढे शिकते आहे, त्यांच्यासाठी ही पायरी किती मोलाची आहे, हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरीच्या कामावर राबला, लष्करात गेला, तेथे नौकानयन शिकला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उतरला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्णपदक घेऊन आला. असा एखादा दत्तू केसांपायी तालुक्याच्या स्पर्धेतूनच परत गेला, तर त्याचा हिशेब कोण ठेवणार?

हा प्रश्न आपल्याकडेच आहे असे नाही. जपानमध्ये शालेय बेसबॉल म्हणजे राष्ट्रीय व्रतच. डोके तासलेला खेळाडू हीच तेथील ओळख. २०१८ च्या सुमारास तेथील सुमारे तीन चतुर्थांश शाळांच्या संघांत हा दंडक होता. पाच वर्षांत हे प्रमाण चौथ्या हिश्शाच्या आसपास आले. आणि २०२३ च्या उन्हाळी राष्ट्रीय स्पर्धेत विजेतेपद कोणी मिळवले? खेळाडूंना हवे तसे केस राखू देणाऱ्या केइओ या शाळेने, तेही १०७ वर्षांनंतर! केस राखले म्हणून ते जिंकले असे नव्हे. पण केस राखल्याने शिस्त बिघडते, हे म्हणणे त्या दिवशी मैदानावर खोटे ठरले.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात डिसेंबर २०१८ मध्ये एका कृष्णवर्णीय शालेय मल्लाला पंचाने ऐनवेळी सांगितले, केस काप किंवा कुस्ती सोड. सर्वांसमक्ष त्याचे केस कापले गेले. त्याने कुस्ती जिंकली, पण जिंकूनही त्याचा चेहरा हसरा नव्हता. साऱ्या देशात खळबळ माजली आणि वर्षभरातच त्या राज्याने केसांवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा केला. आपल्याही खेळाडूंना हा अनुभव आला आहे. २०१४ साली चीनमधील वुहान येथे आशिया चषक बास्केटबॉल स्पर्धेत अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग यांना पगडी उतरवून खेळावे लागले. पुढे आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१७ साली तो नियमच बदलला.

आता शिक्षकांची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. पन्नास मुले सांभाळणाऱ्या क्रीडाशिक्षकाला उवांची, खरजेची काळजी असते. सिनेमातला नट पाहून केसांवर पैसे उधळणारा मुलगा आणि कोपऱ्यावरच्या सलूनमध्येही क्वचितच जाणारा मुलगा यांच्यात एकसारखेपणा यावा, असेही त्यांना वाटते. हे हेतू चांगलेच आहेत. पण स्वच्छता हवी असेल, तर स्वच्छतेची तपासणी व्हावी. लांबी मोजून स्वच्छता कळत नाही. आणि केसांच्या हौसेने मुलगा वाया जातो म्हणावे, तर वांद्र्याच्या साहित्य सहवासात राहणारा सचिन तेंडुलकर लहानपणी जॉन मॅकेन्रोच्या वेडापायी केस वाढवून कपाळाला पट्टी बांधून हिंडत असे! महेंद्रसिंग धोनीचे लांब केस पाहून २००६ साली लाहोरला पाकिस्तानचे अध्यक्ष मुशर्रफ यांनी ‘ते कापू नकोस’ असा जाहीर सल्ला दिला होता. एकाचेही केसांनी काही बिघडवले नाही.

कायद्याचेही भान ठेवावे लागेल. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा करणे आणि त्यांचा मानसिक छळ करणे यांस मनाई केली आहे. मुंबईत विक्रोळीच्या एका शाळेत २०१८ साली शिक्षा म्हणून विद्यार्थ्यांचे केस कापले गेले, तेव्हा प्रकरण थेट पोलिसांत गेले. गुरू-शिष्यांच्या नात्यात पोलीस यावेत, असे कोणालाच वाटणार नाही. म्हणून नियम आधीच शहाणपणाने केलेले बरे.

तसा नियम चार ओळींत बसेल. केस स्वच्छ असावेत. डोळ्यांवर आणि मानेवर येणारे केस कापडी फितीने घट्ट बांधावेत; धातूचा चाप किंवा पिन वापरू नये. ज्या खेळात गरज असेल तेथे टोपी अथवा आवरण घालावे. आणि हा नियम मुलामुलींना सारखाच लागू असावा. याहून अधिक काही खेळ मागत नाही.

आपल्यापैकी पुष्कळजण उद्या बी. एड. किंवा बी. पी. एड. करून शाळांवर जातील. गळ्यात शिट्टी अडकवून एखाद्या मैदानावर उभे राहतील. समोर रांगेत लांब केसांचा एखादा मुलगा असेल. त्याला रांगेबाहेर काढण्यापूर्वी त्यांनी एवढेच पाहावे, की त्याचे पाय किती वेगाने धावतात. केस बांधायला एक फीत पुरते. गेलेला खेळाडू मात्र सहसा परत येत नाही.